मेरी व्हिटन कॅल्किन्स

मेरी व्हिटन कॅल्किन्स (३० मार्च १८६३ – फेब्रुवारी १९३०) या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ व तत्त्वज्ञ होत्या. मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेल्सली कॉलेज या महिला महाविद्यालयात त्यांनी सुमारे बेचाळीस वर्षे अध्यापन केले. १८९१ साली तेथे त्यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन केली. महिला महाविद्यालयात स्थापन झालेल्या अशा प्रयोगशाळांपैकी ती अगदी आरंभीची होय. स्वप्नांचा सांख्यिकीय अभ्यास, स्मरणाच्या अभ्यासासाठी वापरली जाणारी युग्म-साहचर्य पद्धती आणि ‘स्व’ हाच मानसशास्त्राचा मूळ विषय मानणारे स्व-मानसशास्त्र ही त्यांच्या संशोधनाची प्रमुख क्षेत्रे होत. १९०५ साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आणि १९१८ साली अमेरिकन फिलॉसॉफिकल असोसिएशनच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. या दोन्ही संघटनांच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष होत. हार्वर्ड विद्यापीठात डॉक्टरेटसाठी आवश्यक असलेले सर्व काम त्यांनी पूर्ण केले होते. तथापि त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणाने विद्यापीठाने त्यांना ती पदवी दिली नाही.

कुटुंब आणि शिक्षण

कॅल्किन्स यांचा जन्म कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे झाला. पाच भावंडांत त्या सर्वांत मोठ्या होत्या. वडील वोल्कॉट कॅल्किन्स हे धर्मोपदेशक होते, तर आईचे नाव शार्लट असे होते. मेरी यांचे बालपण न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे गेले. पुढे वडिलांना बोस्टनजवळच्या न्यूटन येथील चर्चमध्ये काम मिळाल्याने कुटुंब तेथे स्थायिक झाले. न्यूटनमधील हे घर अखेरपर्यंत मेरी यांचे घर राहिले. मुलींनाही मुलांइतकेच शिक्षण मिळावे असे वडिलांचे मत होते आणि मुलीच्या शिक्षणाकडे ते जातीने लक्ष देत.

१८८२ साली मेरी यांनी स्मिथ कॉलेजमध्ये एकदम दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. पुढच्याच वर्षी त्यांची धाकटी बहीण मॉड हिचे निधन झाले. या आघातानंतर त्या वर्षभर घरीच राहिल्या आणि त्या काळात त्यांनी ग्रीक भाषेचा अभ्यास केला. १८८४ मध्ये त्या महाविद्यालयात परतल्या आणि १८८५ साली अभिजात भाषा व तत्त्वज्ञान हे विषय घेऊन पदवीधर झाल्या. त्यानंतर कुटुंबासमवेत त्यांनी युरोपचा दीर्घ प्रवास केला. ग्रीसमध्येही त्यांचे वास्तव्य झाले आणि तेथे त्यांचे ग्रीकचे ज्ञान अधिक पक्के झाले.

१८८७ साली त्या मायदेशी परतल्या आणि घरापासून जवळच असलेल्या वेल्सली कॉलेजमध्ये ग्रीक विषयाच्या शिक्षिका म्हणून रुजू झाल्या. १८७५ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयात विद्यार्थिनी, अध्यापिका आणि अध्यक्ष सर्व स्त्रियाच होत्या. तीन वर्षे त्यांनी तेथे ग्रीक शिकवले. त्यांची तत्त्वज्ञानातील गती आणि शिकवण्याची हातोटी तत्त्वज्ञान विभागातील सहकाऱ्यांच्या लक्षात आली. महाविद्यालयाला त्याच सुमारास मानसशास्त्र हा नवा विषय प्रयोगांसह सुरू करायचा होता. या विषयात शिक्षण घेतलेली स्त्री त्या वेळी जवळजवळ कोठेही मिळण्यासारखी नव्हती. म्हणून वर्षभर या विषयाचा अभ्यास करून यावे, या अटीवर हे काम कॅल्किन्स यांच्याकडे सोपवण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय सत्तावीस वर्षांचे होते.

हार्वर्डचे दार

अट घालणे सोपे होते, परंतु ती पूर्ण करण्यासाठी जावे कोठे हा प्रश्न बिकट होता. मानसशास्त्राची प्रयोगशाळा असलेली विद्यापीठे मोजकी होती आणि त्यांतील बहुतेक स्त्रियांना पदव्युत्तर विभागात प्रवेश देत नसत. घरापासून सर्वांत जवळचे विद्यापीठ केंब्रिज येथील हार्वर्ड हे होते. तेथे विल्यम जेम्स मानसशास्त्र आणि जोसाया रॉइस तत्त्वज्ञान शिकवत होते. हार्वर्डमध्ये स्त्रियांसाठी ‘ॲनेक्स’ नावाची वेगळी व्यवस्था होती. प्राध्यापक तेथे जाऊन आपली व्याख्याने पुन्हा देत. परंतु ही सोय पदवीपूर्व शिक्षणापुरती होती. कॅल्किन्स यांना हवी असलेली पदव्युत्तर चर्चासत्रे तेथे होत नव्हती.

आपल्या चर्चासत्रांना त्यांनी बसावे असे जेम्स व रॉइस या दोघांनीही सुचवले. मात्र विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स विल्यम एलियट यांनी आरंभी नकार दिला. यावर वडिलांनी विद्यापीठाकडे रीतसर अर्ज केला. वेल्सलीच्या अध्यक्षांनीही पाठिंब्याचे पत्र जोडले. अखेर ऑक्टोबर १८९० मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळाने परवानगी दिली. त्या व्याख्यानांना उपस्थित राहू शकतील, पण त्यामुळे त्यांना विद्यार्थी म्हणून नोंदणीचा कोणताही हक्क मिळणार नाही, अशी स्पष्ट नोंद या परवानगीत होती. पुढील सर्व घडामोडींचे मूळ या एका नोंदीत आहे.

जेम्स यांचा ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ हा दोन खंडांचा ग्रंथ त्याच वर्षी प्रकाशित झाला होता. त्यांच्या चर्चासत्रासाठी आलेल्या इतर विद्यार्थ्यांनी सुरुवातीलाच ते सोडून दिले, त्यामुळे त्या सत्रात कॅल्किन्स एकट्याच विद्यार्थिनी उरल्या. ग्रंथालयातील शेकोटीच्या दोन बाजूंना बसून गुरू-शिष्येने नव्या ग्रंथातील एकेका प्रकरणावर चर्चा केली. मानसशास्त्राच्या इतिहासात इतका थेट लाभ फार थोड्या विद्यार्थ्यांना मिळाला असेल. विचारांच्या साहचर्यावर त्यांनी या सत्रात लिहिलेला निबंध १८९२ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या पुढील संशोधनाची सुरुवात येथूनच झाली.

प्रयोगाचे शिक्षण त्यांनी वूस्टर येथील क्लार्क विद्यापीठाचे एडमंड सॅनफर्ड यांच्याकडे घेतले. उपकरणे कशी निवडावीत, ती कशी जुळवावीत आणि प्रयोगाची नोंद कशी ठेवावी, हे सर्व सॅनफर्ड यांनी त्यांना शिकवले. वेल्सलीतील प्रयोगशाळेच्या उभारणीतही त्यांचे मोठे साहाय्य झाले.

वेल्सलीतील प्रयोगशाळा आणि अध्यापन

१८९१ च्या शरद ऋतूत कॅल्किन्स वेल्सलीला परतल्या आणि मानसशास्त्राचे वर्ग सुरू झाले. महाविद्यालयाच्या ‘कॉलेज हॉल’ या मुख्य इमारतीच्या वरच्या मजल्यावर प्रयोगशाळा थाटण्यात आली. तिच्यासाठी मिळालेला निधी अल्प होता. पहिल्याच वर्षी पन्नासहून अधिक विद्यार्थिनींनी हा विषय घेतला.

अभ्यासक्रमाची आखणी शरीरक्रियेच्या अंगाने करण्यात आली होती. विद्यार्थिनी आधी मेंदू व मज्जासंस्था यांचा अभ्यास करत आणि त्यासाठी कोकराच्या मेंदूचे विच्छेदनही करत. त्यानंतर संवेदना, अवकाशबोध, साहचर्य, अवधान, स्मरण आणि प्रतिक्रियाकाळ या विषयांवरील प्रयोग होत. एक विद्यार्थिनी प्रयोग करी आणि दुसरीवर तो केला जाई. पुढे त्यांच्या भूमिकांची अदलाबदल होई. मनाविषयी पुस्तकात वाचलेले प्रत्येक विधान स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहावे, असा कॅल्किन्स यांचा आग्रह असे. या अभ्यासक्रमाचे वर्णन करणारा लेख त्यांनी १८९२ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकॉलॉजी’मध्ये लिहिला. नव्याने वर्ग सुरू करू पाहणाऱ्या अन्य शिक्षकांनाही तो उपयोगी पडण्यासारखा होता.

अध्यापन आणि संशोधन यांची सांगड हे त्यांच्या कामाचे मुख्य वैशिष्ट्य होय. वेल्सलीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा मोठा गट नव्हता. अशा परिस्थितीत त्यांनी पदवीच्या वर्गातील विद्यार्थिनींनाच संशोधनात सहभागी करून घेतले. काही व्यक्तींना विशिष्ट ध्वनी ऐकताना विशिष्ट रंग दिसतो, तर काहींना अंक ठरावीक आकृतीत मांडलेले दिसतात. हे अनुभव किती जणांना येतात, याची पाहणी त्यांनी वेल्सलीतील विद्यार्थिनींमध्ये केली आणि तिचे निष्कर्ष १८९३ साली प्रसिद्ध केले. विद्यार्थिनींनी केलेली छोटी संशोधने प्रयोगशाळेच्या नावाने मान्यवर नियतकालिकांत छापून येऊ लागली.

१८९८ साली त्या पूर्ण प्राध्यापक झाल्या. त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवलेल्या एलिनॉर गॅम्बल वेल्सलीत आल्या आणि प्रयोगशाळेचे काम हळूहळू त्यांच्याकडे गेले. कॅल्किन्स यांचे लक्ष यापुढे सैद्धान्तिक मानसशास्त्राकडे व तत्त्वज्ञानाकडे अधिक वळले. १७ मार्च १९१४ रोजी लागलेल्या आगीत कॉलेज हॉल जळून खाक झाला आणि त्याबरोबर ही प्रयोगशाळाही नष्ट झाली. ती पुन्हा उभारण्याचे काम गॅम्बल यांनी केले.

स्वप्नांचा अभ्यास

सॅनफर्ड यांच्याबरोबर कॅल्किन्स यांनी केलेला पहिला मोठा प्रकल्प स्वप्नांविषयी होता. दोघांनीही काही आठवडे रात्री गजराचे घड्याळ लावून वेगवेगळ्या वेळी उठण्याची पद्धत ठेवली. जाग येताच, ते कितीही क्षुल्लक वाटले तरी, स्वप्न लगेच लिहून ठेवायचे असा नियम होता. सकाळी या टिपणांचा अभ्यास होई. अशा रीतीने कॅल्किन्स यांनी २०५ आणि सॅनफर्ड यांनी १७० स्वप्नांची नोंद केली. हा अभ्यास १८९३ साली प्रसिद्ध झाला.

स्वप्ने रात्रीच्या कोणत्या वेळी पडतात, त्यांत दृश्य व श्राव्य अनुभव किती असतात, जागेपणीच्या जीवनाशी त्यांचा संबंध किती जवळचा असतो, असे प्रश्न त्यांनी या नोंदींना विचारले. स्वप्नात बहुधा नजीकच्या काळात पाहिलेली माणसे, ठिकाणे व प्रसंग येतात आणि मनाला फार महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी त्या मानाने क्वचित येतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे सिग्मंड फ्रॉइड यांनी आपल्या स्वप्नविषयक ग्रंथात या अभ्यासाचा उल्लेख केला. दोघांच्या दृष्टीत मात्र मूलभूत फरक होता. स्वप्नामागे दडलेल्या इच्छेचा अर्थ लावणे हे फ्रॉइड यांचे उद्दिष्ट होते, तर प्रत्यक्ष दिसलेल्या स्वप्नाचे घटक मोजणे व त्यांची वर्गवारी करणे हे कॅल्किन्स यांचे. स्वप्नासारख्या निसटत्या अनुभवाचीही शिस्तबद्ध नोंद ठेवता येते, हे या अभ्यासाने दाखवले.

साहचर्य आणि स्मरण

१८९२ साली जर्मनीतून ह्युगो म्युन्स्टरबर्ग हार्वर्डला आले आणि तेथील मानसशास्त्र प्रयोगशाळेची सूत्रे त्यांनी हाती घेतली. कॅल्किन्स यांनी त्यांच्या प्रयोगशाळेत काम करण्याची परवानगी मागितली. यावेळीही ती विद्यार्थी म्हणून नव्हे, तर पाहुण्या म्हणून मिळाली. वेल्सलीतील अध्यापन सांभाळून आणि नंतर १८९४–९५ मध्ये पूर्ण वर्षाची रजा घेऊन त्यांनी तेथे साहचर्यावर प्रयोग केले.

एक गोष्ट आठवली की दुसरी का आठवते, हा प्रश्न ॲरिस्टॉटलच्या काळापासून विचारला जात होता. तथापि त्याचे उत्तर बहुधा स्वतःच्या मनाकडे पाहून दिले जाई. जर्मन संशोधक हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली निरर्थक अक्षरांच्या माळा पाठ करून स्मरणाचे मोजमाप केले होते. कॅल्किन्स यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी प्रयोगातील व्यक्तीला एकामागून एक रंग दाखवले आणि प्रत्येक रंगापाठोपाठ एक संख्या दाखवली. अशा अनेक जोड्या दाखवून झाल्यावर तेच रंग वेगळ्या क्रमाने पुन्हा दाखवले आणि त्यांच्याबरोबरची संख्या आठवते का, हे विचारले. परकी भाषा शिकताना शब्द आणि त्याचा अर्थ अशा जोड्या आपण पाठ करतो आणि नंतर शब्द पाहून अर्थ आठवतो. प्रयोगाची मांडणी याच स्वरूपाची होती.

या साध्या मांडणीचा मोठा फायदा असा की जोडीतील प्रत्येक अट वेगळी करून तपासता येत असे. एखादा रंग एकाच संख्येबरोबर अनेकदा दाखवला तर वारंवारितेचा परिणाम कळे. एखादी संख्या इतरांपेक्षा वेगळ्या रूपात दाखवली तर ठसठशीतपणाचा परिणाम कळे. एखादी जोडी माळेच्या आरंभी किंवा शेवटी ठेवली तर प्राथमिकतेचा व नवतेचा परिणाम कळे. एकाच रंगाबरोबर दोन संख्या आल्या तर त्यांपैकी कोणती आठवते, हेही पाहता येई. या सर्वांत वारंवारितेचा परिणाम सर्वाधिक असल्याचे कॅल्किन्स यांना आढळले. ठसठशीतपणा आणि नवता यांचा प्रभाव खरा होता, पण पुनरावृत्तीइतका मोठा नव्हता. घोकण्याला मिळालेला हा प्रयोगसिद्ध पुरावा आजच्या विद्यार्थ्यालाही ओळखीचा वाटेल.

हे संशोधन १८९६ साली स्वतंत्र प्रबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. जर्मनीतील गेओर्ग म्युलर यांनी ही पद्धत अधिक काटेकोर केली. एडवर्ड टिचनर यांनी विद्यार्थ्यांसाठीच्या आपल्या प्रयोगपुस्तिकेत तिचा समावेश केला. पुढील काळात शिकणे व विसरणे यांच्या अभ्यासात ही पद्धत इतकी रूढ झाली की तिच्या जनकाचे नाव अनेक पाठ्यपुस्तकांतून गळून पडले. आपल्या निष्कर्षांपेक्षा ही पद्धतच अधिक महत्त्वाची ठरली, हे कॅल्किन्स यांनीही उत्तरायुष्यात मान्य केले.

पदवीचा प्रश्न

कॅल्किन्स यांना डॉक्टरेटसाठी उमेदवार म्हणून मान्यता द्यावी, अशी विनंती म्युन्स्टरबर्ग यांनी १८९४ मध्ये हार्वर्डकडे केली. आपल्या प्रयोगशाळेतील सर्वांत समर्थ संशोधकांत त्यांनी कॅल्किन्स यांची गणना केली होती. विद्यापीठाने ही विनंती फेटाळली. तरीही २८ मे १८९५ रोजी तत्त्वज्ञान विभागातील प्राध्यापकांनी त्यांची डॉक्टरेटची तोंडी परीक्षा अनौपचारिकपणे घेतली. परीक्षकांमध्ये जेम्स, रॉइस, म्युन्स्टरबर्ग, जॉर्ज पामर आणि जॉर्ज सांतायाना हे होते. कॅल्किन्स यांनी पदवीच्या सर्व अटी पूर्ण केल्या आहेत, असे परीक्षकांनी एकमताने विद्यापीठाला कळवले. हार्वर्डमध्ये इतकी चमकदार परीक्षा क्वचितच झाली असेल, असे जेम्स यांचे मत पडले. तरीसुद्धा पदवी मिळाली नाही.

१८९४ मध्ये ॲनेक्सचे रूपांतर रॅडक्लिफ कॉलेज या महिला महाविद्यालयात झाले होते. १९०२ साली हार्वर्डमध्ये डॉक्टरेटचे काम पूर्ण केलेल्या काही स्त्रियांना रॅडक्लिफच्या नावाने ती पदवी देण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्यांत कॅल्किन्स होत्या, तशाच म्युन्स्टरबर्ग यांच्या दुसऱ्या शिष्या इथेल पफर होत्या. पफर यांनी ती पदवी स्वीकारली. कॅल्किन्स यांनीही ती घ्यावी, असा आग्रह म्युन्स्टरबर्ग यांनी धरला होता.

कॅल्किन्स यांनी नकार दिला. पदवीचा व्यावहारिक उपयोग त्या जाणून होत्या आणि ती घेणे अधिक सोपे जाईल, हेही त्यांनी आपल्या पत्रात मोकळेपणाने मान्य केले. परंतु त्यांचे अध्ययन, प्रयोग आणि परीक्षा सर्व काही हार्वर्डमध्ये झाले होते. ज्या संस्थेत त्या शिकल्याच नव्हत्या, तिची पदवी त्यांना योग्य वाटेना. शिवाय स्त्रियांसाठी अशी वेगळी पदवी एकदा रूढ झाली की हार्वर्डने स्त्रियांना स्वतःची पदवी देण्याची गरजच उरणार नाही, हा धोकाही या व्यवस्थेत होता. रॅडक्लिफने ही पदवी न देणेच शिक्षणाच्या उच्च ध्येयाला अधिक धरून होईल, असे त्यांनी कळवले.

या निर्णयाचे मोल कळण्यासाठी समकालीन उदाहरणे पाहावी लागतात. मार्गारेट फ्लॉय वॉशबर्न यांनी कॉर्नेल विद्यापीठात प्रवेश मिळवून १८९४ मध्येच मानसशास्त्रातील डॉक्टरेट घेतली होती. क्रिस्टीन लॅड-फ्रँकलिन यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील काम १८८२ साली पूर्ण केले. त्यांची पदवी विद्यापीठाने अखेर १९२६ मध्ये त्यांना दिली. १९२७ साली हार्वर्डचे पदवीधर असलेल्या काही नामवंत मानसशास्त्रज्ञांनी व तत्त्वज्ञांनी, आता तरी कॅल्किन्स यांना पदवी द्यावी, असा अर्ज विद्यापीठाचे अध्यक्ष लोवेल यांच्याकडे केला. एडवर्ड थॉर्नडाइक, रॉबर्ट वुडवर्थ आणि रॉबर्ट यर्कीझ यांची नावे त्यावर होती. हा अर्जही अमान्य झाला.

स्त्री-पुरुषांच्या मानसिक भेदाविषयीचा वाद

कॅल्किन्स यांची ही भूमिका केवळ वैयक्तिक अनुभवातून आलेली नव्हती. स्त्री व पुरुष यांच्या बुद्धीत जन्मजात भेद असतो, हे मत तेव्हा शास्त्राच्या नावाने मांडले जात होते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील जोसेफ जॅस्ट्रो यांनी विद्यार्थी व विद्यार्थिनींना शक्य तितक्या वेगाने शंभर शब्द लिहायला सांगितले. त्या शब्दांवरून त्यांनी स्त्री-मन व पुरुष-मन यांच्या प्रवृत्तींविषयी अनुमाने काढली. वेल्सलीतील कॉर्डेलिया नेव्हर्स यांनी कॅल्किन्स यांच्या मार्गदर्शनाखाली हाच प्रयोग पुन्हा केला असता निष्कर्ष वेगळे आले. त्यावरून १८९५–९६ मध्ये नियतकालिकांत वाद झाला.

या वादात कॅल्किन्स यांनी मांडलेला मुद्दा पद्धतीचा होता. मुलगा आणि मुलगी यांना जन्मापासून वेगळे वातावरण, वेगळे शिक्षण आणि वेगळी कामे मिळतात. या सर्वांचा परिणाम वजा करता येत नाही, तोवर दिसणारा भेद उपजत आहे असे म्हणण्यास शास्त्रीय आधार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. सामाजिक परिस्थिती व नैसर्गिक प्रवृत्ती यांची गल्लत करू नये, हा त्यांचा युक्तिवाद आजही उपयुक्त आहे.

स्व-मानसशास्त्र

कॅल्किन्स यांना स्वतःला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे काम म्हणजे स्व-मानसशास्त्र. १९०० सालापासून पुढची तीस वर्षे त्यांनी या भूमिकेचा पाठपुरावा केला.

त्या काळी अमेरिकेतील मानसशास्त्रात दोन पक्ष होते. टिचनर यांचा रचनावाद मनाचे संवेदना, भावना आदी मूळ घटकांत पृथक्करण करी. कार्यवादी मंडळी मन काय करते आणि परिस्थितीशी कसे जुळवून घेते, याचा विचार करत. दोघांच्याही मांडणीत एक गोष्ट सुटते, असे कॅल्किन्स यांचे म्हणणे होते. संवेदना कोणाला तरी होते आणि जुळवून घेणारे कोणीतरी असते. अनुभव घेणारा हा ‘स्व’ बाजूला ठेवला तर उरलेले तुकडे कोणाचे, हेच सांगता येत नाही. स्मरणावर अनेक वर्षे प्रयोग करूनही आठवणी सुट्या वस्तूंप्रमाणे एकमेकींना चिकटतात, असे त्यांनी मानले नाही. आठवते ते कोणा एका व्यक्तीला, या बाबीवर त्यांचा भर होता.

त्यांच्या मते स्व हा अनेक गुणांनी युक्त असून एक असतो. तो काळानुसार बदलतो आणि तरीही तोच राहतो. तो अनन्य असतो, म्हणजे त्याची जागा दुसरा कोणी घेऊ शकत नाही. शिवाय तो भोवतालच्या वस्तूंशी आणि विशेषतः इतर स्वांशी सतत नात्यात असतो. या शेवटच्या मुद्द्यामुळे त्यांचे मानसशास्त्र सामाजिक ठरते. सहानुभूती, इच्छाशक्ती, श्रद्धा यांचे वर्णन त्यांनी माणसाच्या माणसाशी असलेल्या नात्यांच्या आधारे केले. हा स्व म्हणजे धर्मशास्त्रातील आत्मा नव्हे, हे त्यांना वारंवार सांगावे लागले. प्रत्येकाला अंतर्निरीक्षणात प्रत्यक्ष अनुभवास येणारी वस्तू म्हणूनच त्यांनी स्वाचा विचार केला. या मांडणीत जेम्स यांचे सामाजिक स्वविषयीचे विवेचन आणि रॉइस यांचा चिद्वाद या दोहोंचा प्रभाव दिसतो.

डिसेंबर १९०५ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अधिवेशन केंब्रिज येथे, हार्वर्डच्या परिसरात भरले. ज्या विद्यापीठाने पदवी नाकारली होती, त्याच ठिकाणी कॅल्किन्स संघटनेच्या अध्यक्ष म्हणून बोलल्या. स्वची कल्पना स्वीकारल्यास रचनावाद व कार्यवाद यांचा समेट होऊ शकतो, हा त्यांच्या अध्यक्षीय भाषणाचा विषय होता. पदवीसंबंधीच्या आपल्या अनुभवाला त्यांनी या भाषणाचा विषय केले नाही.

त्यांच्या विचाराला व्यापक स्वीकृती लाभली नाही. १९१३ साली जॉन वॉटसन यांनी वर्तनवादाचा पुरस्कार केला आणि केवळ बाहेरून दिसणारे वर्तन हाच मानसशास्त्राचा विषय मानला जाऊ लागला. या प्रवाहात अंतर्निरीक्षणाला आणि स्वला जागा नव्हती. कॅल्किन्स टीकेला उत्तरे देत राहिल्या, आपली मांडणी सुधारत राहिल्या, परंतु मूळ भूमिका त्यांनी सोडली नाही. शतकाच्या उत्तरार्धात व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासात स्वची कल्पना पुन्हा महत्त्वाची ठरली.

ग्रंथ आणि तत्त्वज्ञान

कॅल्किन्स यांनी चार ग्रंथ आणि शंभरहून अधिक लेख लिहिले. ‘ॲन इंट्रोडक्शन टू सायकॉलॉजी’ (१९०१) आणि ‘अ फर्स्ट बुक इन सायकॉलॉजी’ ही मानसशास्त्राची पाठ्यपुस्तके वर्गातील अनुभवातून तयार झाली. ‘द पर्सिस्टंट प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी’ (१९०७) या ग्रंथात त्यांनी आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञांच्या मतांची चिकित्सा केली. ‘द गुड मॅन अँड द गुड’ (१९१८) हा नीतिशास्त्रावरील ग्रंथ होय. अंतिम सत्य हे जड नसून चैतन्यरूप व व्यक्तिरूप आहे, अशी त्यांची तात्त्विक भूमिका होती. मानसशास्त्रातील स्व आणि तत्त्वज्ञानातील व्यक्ती हे त्यांच्या विचारातील एकाच धाग्याचे दोन पदर होत.

सन्मान, सार्वजनिक मते आणि अखेर

मानसशास्त्रज्ञ जेम्स कॅटेल यांनी १९०३ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांची सहव्यावसायिकांच्या मतांनुसार क्रमवारी तयार केली. तीत पन्नास अग्रगण्य मानसशास्त्रज्ञांमध्ये कॅल्किन्स बाराव्या स्थानी होत्या. १९०९ साली कोलंबिया विद्यापीठाने आणि १९१० साली स्मिथ कॉलेजने त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या.

स्त्रियांच्या मताधिकाराला त्यांचा पाठिंबा होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी शांततावादाची बाजू घेतली. अशाच मतांमुळे एका सहकारी प्राध्यापिकेला वेल्सलीतील पद गमवावे लागले. आपलीही मते तीच आहेत असे सांगून कॅल्किन्स यांनी त्या वेळी राजीनामा देऊ केला, पण तो स्वीकारण्यात आला नाही.

त्या अविवाहित राहिल्या आणि आईवडिलांसह न्यूटनच्या घरी राहत असत. वेल्सलीपासून दूर जावे लागेल अशा संधी त्यांनी कुटुंबासाठी नाकारल्या. १९२९ साली त्या निवृत्त झाल्या. पुढचा काळ लेखनात व वृद्ध आईच्या सहवासात घालवण्याचा त्यांचा मानस होता. परंतु कर्करोगाने ग्रासल्यामुळे फेब्रुवारी १९३० मध्ये न्यूटन येथे त्यांचे निधन झाले. मानसशास्त्रज्ञांच्या आत्मचरित्रांच्या मालिकेतील पहिल्या खंडात, त्याच वर्षी, त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले.

मूल्यमापन

हार्वर्डने रॅडक्लिफच्या विद्यार्थिनींना स्वतःच्या पदव्या देण्यास १९६३ साली सुरुवात केली. कॅल्किन्स यांच्या निधनाला तोवर तेहतीस वर्षे झाली होती. मरणोत्तर तरी त्यांना डॉक्टरेट द्यावी, अशी मागणी नंतरच्या पिढ्यांनी केली, परंतु विद्यापीठाने ती मान्य केलेली नाही.

पदवीअभावी त्यांच्या कामाचे प्रमाण कमी झाले नाही. मात्र पदव्युत्तर विभाग असलेल्या मोठ्या विद्यापीठात शिष्यपरंपरा निर्माण करण्याची संधी त्यांच्यासारख्या स्त्रियांना मिळाली नाही. त्यांच्या सिद्धान्ताला पुढे नेणारा संशोधकांचा गट तयार न होण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण मानावे लागते. त्याउलट वेल्सलीच्या वर्गांतून चार दशके बाहेर पडलेल्या विद्यार्थिनींना प्रयोगाची शिस्त त्यांच्याकडून मिळाली. आज मानसशास्त्राच्या इतिहासात कॅल्किन्स यांचे नाव बहुधा दोन कारणांनी घेतले जाते. एक, पहिल्या महिला अध्यक्ष म्हणून आणि दुसरे, नाकारलेल्या पदवीसाठी. स्मरणाच्या अभ्यासातील त्यांची पद्धत आणि ‘अनुभव कोणाचा?’ हा त्यांनी लावून धरलेला प्रश्न, या दोन गोष्टी त्यांच्या कार्याचे अधिक खरे माप होत.